साहेब आंघोळीला गेलेत

— नाही नाही, तिथे नका बसू, त्या खुर्चीचा एक पाय लटपटतो, परवा एक ठेकेदार तिच्यावरून धाडकन खाली आला आणि वर आम्हालाच 'माफ करा' म्हणत गेला. इकडे बसा. असं, खिडकीकडे पाठ करून — ऊन येतं ना डोळ्यांवर, म्हणून. साहेब आंघोळीला गेलेत. येतील. वेळ लागतो, म्हणजे पाणी तापायलाच वेळ लागतो इथे, सरकारी घर आहे, नळ नुसता 'येतो येतो' म्हणतो, पुढाऱ्यांसारखा — आमच्या साहेबांना नका सांगू हं मी असं म्हणाले ते. चहा घ्याल ना? घ्याच. बॅग ठेवा की खाली, मांडीवर कशाला धरून बसलायत, कोणी नेत नाही इथे. तुम्ही संघटनेकडून, बरोबर? गाद्या बनवणाऱ्यांच्या. हो, फोनवर सांगितलंत मला. 'बाईसाहेब, फक्त पाच मिनिटं' म्हणालात. सगळे पाच मिनिटंच मागतात. ह्या आठवड्यात किती जणांनी मागितली म्हणून सांगू — कारखानदार झाले, कापडवाले झाले, कोणा मंत्र्याचा सचिव झाला — सगळ्यांची पाच-पाच मिनिटं एकत्र केली असती तर साहेबांचं उरलेलं आयुष्य त्यातच गेलं असतं. थांबा, दूध ठेवलंय गॅसवर, आलेच.

— हं. उतू जात होतं. काय म्हणत होते मी? नाही, कपाट नका बघू, ती बक्षिसं सगळी जुनी आहेत, बंबावर होते तेव्हाची. तुम्हाला माहीत नाही? साहेब मूळचे पुढारी नव्हेत हो, आगीच्या बंबावर होते, अर्धं आयुष्य त्यातच गेलं, अजून लोक रस्त्यात 'बंबवाले साहेब' अशी हाक मारतात आणि हे अजून त्याच हाकेला वळतात, 'माननीय' म्हटलं की मागे वळून बघतात कोणाला म्हणालात म्हणून. ह्यांनी राजकारणात यायचं काही कारणच नव्हतं. एका वसतिगृहाच्या आगीमुळे आले. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. कामाला जाणाऱ्या मुलींचं वसतिगृह, रात्रपाळी करून आलेल्या मुली, भर दुपारी झोपलेल्या. आग म्हणाल तर केवढीशी, खालच्या खोलीत गादीवर इस्त्री चालू राहिली, एवढंच. वरच्या मजल्यावर तर भिंतीसुद्धा काळ्या झाल्या नव्हत्या. पण गादीतला तो फोम — तुमच्यासमोर काय सांगायचं, तुमचाच धंदा — तो धुमसतो, आणि त्याचा धूर असा की चार श्वास घेतले की माणूस दार कुठे होतं तेच विसरतो. हे वर गेले तर मुली आपापल्या अंथरुणात. पांघरुणं नीट. कोणाला भाजलं नव्हतं, कोणाचा केस जळला नव्हता. हे मला म्हणाले, 'अगं, मी एकीला हलवून उठवायला लागलो.' बस, एवढंच सांगितलं, पुढे मी विचारलं नाही. त्यानंतर नोकरी सोडली, निवडणुकीला उभे राहिले, आणि मागणी एकच — वसतिगृहं, दवाखाने, जिथे जिथे माणसं ओळीनं झोपतात तिथल्या गाद्या पेट न घेणाऱ्या हव्यात, आणि जुन्या असतील त्या वर्षाच्या आत उचलून फेकून द्यायच्या. लोकांनी निवडून दिलं. लोकांना साधी गोष्ट लगेच कळते.

— येतील हो. दाढीसुद्धा करतात ना. तुम्ही चहा घ्या, गार होईल.

तुमच्या आधी संघटनेकडून कोण यायचं माहितीये तुम्हाला? माहिती असेलच. आमची मुलं त्याला गादीकाका म्हणायची. मी भाऊजी म्हणायचे. पहिल्यांदा आला तो अगदी तुमच्यासारखाच, अशीच बॅग, असेच पॉलिश केलेले बूट. ह्यांनी त्याला उभा-आडवा झाडला — मी आत भाजी निवडत होते, मला सगळं ऐकू येत होतं — तुम्ही लोक असे आणि तुम्ही लोक तसे, पोरींच्या जिवाची किंमत तुम्हाला काय. आणि हा सगळं ऐकून घेऊन शेवटी काय म्हणाला? म्हणाला, 'साहेब, तुमचं बरोबर आहे.' झालं! भांडणारा असता तर हे त्याला पुरून उरले असते. बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? त्याला चहा दिला. जाता जाता त्याची नजर आतल्या खोलीत गेली, तिथे आमच्या सासूबाई होत्या, अंथरुणाला खिळलेल्या, पाठीला जखमा झालेल्या, मी दिवसातून किती वेळा कूस बदलून द्यायचे तरी चिघळायच्याच. दुसऱ्या दिवशी दारात हजर — हवेची गादी घेऊन, ती पंपवाली, आपोआप फुगते-उतरते ती. म्हणाला, नमुन्याची आहे, कारखान्यात नुसती पडून होती, आजींच्या उपयोगी पडू दे. आता सांगा, परत पाठवायची? सासूबाईंच्या जखमा भरल्या हो त्या गादीनं. मी कशी परत पाठवणार होते?

आणि नुसती देऊन गेला नाही. आठवड्याला यायचा, पंप बघायला. स्वतः. बाह्या सरसावून गुडघ्यावर बसायचा खाटेखाली, स्क्रू पिळायचा, नळी साफ करायचा, आणि तेवढ्यात सासूबाईंशी गप्पा. आम्ही घरातली माणसं त्यांचं तेच ते ऐकून कंटाळलेलो, हे तर 'आई, झालं ते सांगून' म्हणून उठायचे, आणि हा खाटेखालून विचारायचा — 'मग? पुढे काय झालं, आजी?' पुढचं कोणी कधी विचारलंच नव्हतं त्यांना! त्यांच्या लहानपणीच्या अशा कितीतरी गोष्टी आम्हाला त्याच्यामुळे कळल्या. नंतर नंतर हे आणि तो संध्याकाळी फिरायला जायला लागले. ह्यांना कोण होतं हो? बंबावरचे जुने सोबती आता ह्यांना बघितलं की उभे राहून सलाम ठोकायचे, खांद्यावर हात टाकेनात. आणि सभागृहातले — त्यांचं तुम्हाला मी काय सांगणार. गर्दी भरपूर, बोलायला माणूस नाही. तो हसवायचा ह्यांना. हे हसले की आधी खोकतात, धुराचं दुखणं आहे ना जुनं, आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात — त्या वर्षभरात ते हसणं मी जितकं ऐकलं तितकं लग्नापासून ऐकलं नव्हतं. कायद्याचा शब्द त्यानं ह्या घरात काढला नाही. एकदाही नाही. पैशाचं तर नावच नको, तसं काही असतं तर ह्यांनी बखोट धरून बाहेर काढला असता. मिठाईचा पुडासुद्धा कधी आणला नाही.

— काय? बघते हं. नाही, नळ अजून चालूच आहे. ऐकू येत नाही का तुम्हाला? मला येतं.

मग एक दिवस बायका आल्या. गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या. बस भरून आल्या, इथे अंगणात बसल्या, एकेकीची बोटं सुईनं चाळण झालेली. म्हणाल्या, साहेब, नवा फोम महाग, छोटे कारखाने बंद पडतील, आम्ही कुठे जायचं? बस कोणी केली होती ते मला नंतर कळलं. पण बायका खऱ्या होत्या हो. त्यांची भीती खरी होती, मी त्यांना पाणी दिलं, मला कळतं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. आणि मग फिरताना त्यानं पहिल्यांदा विषय काढला, तोही असा की जणू ह्यांचंच ओझं उचलतोय — 'साहेब, तुमचा कायदा झालाच पाहिजे. फक्त नवीन गाद्यांना लावा. जुन्यांना हात नका लावू, जुन्या झाल्या की त्या आपोआप जातीलच ना.' आपोआप! आपोआप कधी गादी गेलीय कुठल्या दवाखान्यातून? चिंध्या होईपर्यंत वापरतात, आणि चिंध्या झाल्या की वर दुसरी खोळ घालतात. ह्यांना हे माहीत नव्हतं? बंबावर होता हा माणूस! पण बाजूनं चालणारा दोस्त म्हणाला ना. कलमाची भाषासुद्धा संघटनेच्या वकिलानं तयार करून दिली, खात्यातल्या लोकांना बरंच वाटलं, त्यांचं काम वाचलं. कायदा झाला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्या मुलींपैकी एकीचे वडील आले होते त्या सुमारास, कुठून लांबून, दोन बस बदलून. साहेब नव्हते घरी. तुम्ही बसलायत तिथेच बसले होते, टोकावर, चहासुद्धा घेतला नाही. मी विचारलं, काय निरोप देऊ? तर म्हणाले, 'काही नाही, जुन्या गाद्यांचं तेवढं बघा म्हणावं.' परत आले नाहीत. कसे येणार, त्यांना कामधंदा आहे. दर आठवड्याला कोणाच्या तरी घरी जाऊन बसणं हाच ज्याचा कामधंदा, तो येतो दर आठवड्याला.

तुम्हाला नाही बोलले. म्हणजे, तुम्हालाच बोलले. राहू द्या.

कायदा झाला आणि भाऊजी यायचे थांबले. भांडण नाही, तंटा नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, कामात असेल. पुढच्या आठवड्यात पंप बिघडला. सासूबाई दाराकडे बघून विचारायच्या, 'तो खाटेखालचा कुठे गेला?' ह्यांनी फोन केला तर म्हणे मीटिंगमध्ये आहे. मग कळलं की संघटनेत वरची जागा मिळाली, आणि आता सभागृहातल्या दुसऱ्या एका सदस्याच्या घरी जातो, तिथे त्यांच्या वडिलांना ऐकू येत नाही तर कानाचं यंत्र घेऊन गेला होता — हसू नका! मी हसले होते, आणि हे उठून आत निघून गेले. संध्याकाळी फिरायला जायच्या वेळी हे कोपऱ्यावर उगाच रेंगाळायचे. मला सांगायचे, बुटाची नाडी सुटली होती. रोज? सासूबाई गेल्या तेव्हा मला वाटलं, आता तरी येईल. फुलं आली. मोठं चक्र होतं फुलांचं, वर पट्टी — संघटनेच्या नावाची. त्याचं नावसुद्धा नव्हतं. खोटा होता का तो? मला अजून तसं वाटत नाही, तीच तर पंचाईत आहे. कोणी खोटं खोटं गुडघ्यावर बसून नळी साफ करतं का? करत असेल. तुम्हाला शिकवतात का हो हे? नाही ना? मग?

— बसा हो, उभे कशाला राहिलात. टॉवेल मागतील आता मला, मग देते आणि बोलावते.

ह्या वर्षी परत आग लागली. वाचलं असेल तुम्ही. दवाखान्याच्या आवारात परिचारिकांच्या खोल्या होत्या. तसंच सगळं, दिवसाढवळ्या, थोडीशी आग आणि नुसता धूर. हे धावत गेले, पायात घरातल्या चपला. पण आता बंबावर नाहीत ना. तिथल्या पोरानं दोरीपाशी अडवलं, 'साहेब, तुम्ही आत नका जाऊ.' हे दोरीच्या अलीकडे उभे राहिले, बाकीच्या बघ्यांसारखे. घरी आले, चपला न काढता तसेच पलंगावर बसले, आणि मला म्हणाले, 'जुन्या होत्या.' बस. तेव्हापासून हसणं गेलंच, पण बोलणंही गेलं. रात्रंदिवस एकच — ते वगळलेलं कलम परत आणायचं, जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. आज थोड्याच वेळात समितीत मतं पडणार, अर्धे इकडे अर्धे तिकडे, आणि अध्यक्ष म्हणून शेवटचं मत ह्यांचं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, म्हणून तर सकाळी सकाळी पाच मिनिटं मागायला आलात.

आणि ऐका, ह्यांचा स्वभाव मी सांगते तुम्हाला. फोनवर हा माणूस वाघ आहे. पेपरात वाघ आहे. जळत्या घरात शिरेल. पण समोर कोणी बसून डोळ्यात डोळे घालून दोन शब्द गोड बोललं की ह्यांना नाही म्हणता येत नाही. येतच नाही. आमचं लटपट्या पायांचं सगळं फर्निचर असंच आलंय, दारात येणाऱ्या विक्रेत्यांकडून. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं — आज कोणालाही भेटायचं नाही. म्हणजे नाही.

थांबा हं, जरा बघू दे घड्याळ. झाली वेळ.

झाली. आता सांगायला हरकत नाही. साहेब घरात नाहीत. तुम्ही बेल वाजवलीत ना, तेव्हाच स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडले. आंघोळ कसली, पहाटेच झाली होती! गाडी मुद्दाम पुढच्या अंगणात उभी ठेवली, तुम्हाला वाटावं घरातच आहेत म्हणून, आणि हे मागच्या गल्लीनं, धोब्यांच्या वाळत घातलेल्या चादरींमधून, पायी. फोनसुद्धा घेतला नाही, हा बघा, इथे टेबलावर. कोणी गाठायलाच नको. आता गल्ली संपते तिथे औषधाच्या दुकानापाशी बाहेर निघतील, रस्ता ओलांडला की सभागृह. तुम्हाला इतका वेळ बसवून घेतलं त्याबद्दल रागावू नका. तुमचं काम तुम्ही केलंत, माझं मी केलं. आज मला लग्नानंतर पहिल्यांदा — जाऊ दे. खूप बरं वाटतंय एवढंच.

कोणाला कळवताय? कळवा, कळवा. सांगा तुमच्या वरच्यांना, पाखरू उडालं म्हणावं. औषधाचं दुकान, हो. का?

हसताय काय?

कोण गाडीत आहे? भाऊजी? कुठल्या गाडीत? — आमच्या कोपऱ्यावर? कधीपासून? तुमच्याबरोबर आला तो? मग आत का नाही आला? तोंड दाखवायला लाज वाटली? — नाही, मला नाही भेटायचं. आजारी आहे? म्हणजे काय झालंय? — इतका? बारीक झालाय? आणि तरी त्याला आणलंत तुम्ही? — स्वतः म्हणाला, मी येतो? 'साहेबांना एकदा बघायचंय' म्हणाला? बघायचंच होतं तर आई गेल्या तेव्हा यायचं होतं! तेव्हा काय गाडी नव्हती? तुम्ही त्याला आत्ता काय कळवलंत? अहो, त्या फोनवर काय लिहिलंत तुम्ही? दाखवा. दुकानाचं लिहिलंत? मी सांगितलं ते?

सरका. सरका म्हणते ना खिडकीतून.

ती का, राखाडी? चालू झाली. दुकानापाशीच चाललीये. अजून हे नाहीत आले. नसतीलच, पुढे निघून गेले असतील, पाय उचलून चालतात ते — आले. आत्ता कुठे आले. चादरीत अडकले असतील, कोणीतरी नमस्कार केला असेल, थांबले असतील दोन शब्द बोलायला. पुढे चला. बघू नका तिकडे. चला अहो, रस्ता मोकळा आहे, ओलांडा. दार उघडलं त्यानं. अगं बाई, काठी आहे हातात. केवढासा झालाय. हे थांबले.

अहो! — अहो, इकडे! — नाही ऐकू जात. ह्या खिडकीला जाळी कशाला बसवलीये कोण जाणे, निघत पण नाही. अहो!

काय बोलतोय तो? दोनच शब्द बोलला. ह्यांनी त्याची काठी घेतली हातातून. धरलंय त्याला. खांद्याला धरलंय. हे — हसतायत. खोकतायत बघा, वाकून खोकतायत, म्हणजे हसतायतच. किती दिवसांनी.

बसवतायत त्याला गाडीत. बसवा आणि निघा. बसवलंत ना आता? दार लावा आणि रस्ता ओलांडा. नको. तुम्ही नका बसू. तुम्ही कशाला —

बसले.

वळली. सभागृह उजवीकडे आहे. डावीकडे काय आहे? डावीकडे काहीच नाही, नदीकाठचा रस्ता आहे, फिरायचा.

फोन इथे आहे त्यांचा.

नाही, काही बोलू नका. कप राहू द्या, मी उचलेन. बॅग उचल तुझी. जा. दार ओढून घे.